पदवी आणि पद

कल्याण शहरास ज्या नावांचा अभिमान वाटतो, त्यांत डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे नाव अग्रभागी आहे, व ते योग्यच होय. ३१ मार्च १८६५ रोजी ह्या गावी जन्मलेली यमुना नावाची मुलगी नवव्या वर्षी विवाहबद्ध झाली. चौदाव्या वर्षी तिचे अवघ्या दहा दिवसांचे मूल दगावले. १८८३ च्या एप्रिलात ती पतीवाचून कलकत्त्याच्या बंदरातून निघाली, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने संपादन केली. इतकी हकीकत आमच्या शाळेतील पाचवीची मुलेसुद्धा न अडखळता सांगतात. परंतु वक्तृत्वस्पर्धेतील भाषणे बहुधा पदवीदान-समारंभापाशीच थांबतात, आणि पुढची एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. ती अशी की, पदवीनंतर कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाचे प्रमुखपद देऊ केले होते. एकवीस वर्षांच्या मुलीच्या हाती एक अख्खा विभाग! त्या खुर्चीवर बसणे त्यांच्या नशिबी नव्हते. क्षयाने जर्जर होऊन त्या मायदेशी परतल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. आपण त्यांच्या पदवीचा उत्सव करतो. हातून निसटलेल्या पदाबद्दल मात्र कोणी हळहळत नाही.

हा भेद येथे मुद्दाम मांडण्याचे कारण असे की, सांप्रत ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या शहरांतील आमच्या मुलींचीही अवस्था वेगळ्या रीतीने तशीच झाली आहे. पदवी त्यांना मिळते. नोकरीही मिळते. पद मिळत नाही. आणि ह्या वेळी मध्ये क्षयरोग आडवा आलेला नसून आपणच आडवे आलो आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संगणकाचा धंदा ज्यास आपण ‘आयटी’ म्हणतो, तो आपल्या भागातील मध्यम स्थितीतील कुटुंबांचा आता मोठा आधार झाला आहे. एके काळी डोंबिवलीचा मनुष्य म्हणजे मुंबईच्या कचेरीतील कारकून, असे समीकरण होते. २००४ साली ठाण्याहून ऐरोलीमार्गे वाशीकडे उतारूंची रेल्वेगाडी सुरू झाली, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर व ऐरोलीस काचेच्या उंच इमारती उठल्या, आणि त्या कारकुनांच्या नाती गळ्यात ओळखपत्र अडकवून तेथे जाऊ लागल्या. भारतातील ह्या उद्योगात काम करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून काहीसे अधिक आहे. कारखाने, बँका, न्यायालये ह्यांच्याशी तुलना करता हा आकडा लहान नव्हे, व त्याबद्दल समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही गर्दी जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर आहे. वर नजर टाकावी तो चित्र पालटते.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी १९६८ साली मुंबईत निघाली. तिच्या प्रमुखपदी आजवर कोहली, रामदोराय, चंद्रशेखरन, गोपीनाथन व कृतिवासन अशी पाच माणसे आली. त्यांत स्त्री एकही नाही. इन्फोसिसची गोष्टही निराळी नाही. टाटांच्या ह्या कंपनीत १९८९ साली शिकाऊ म्हणून दाखल झालेल्या आरती सुब्रमण्यन ह्या १ मे २०२५ रोजी तिच्या अध्यक्ष व मुख्य परिचालन अधिकारी झाल्या. प्रमुखाच्या खालोखालची ही जागा गाठावयास छत्तीस वर्षांचा प्रवास लागला. एचसीएल टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीच्या अध्यक्षपदी २०२० साली रोशनी नाडर मल्होत्रा आल्या. ही गादी त्यांना पित्याकडून मिळाली, हे खरे, आणि त्या एकुलत्या एक आहेत, हेही खरे. तथापि मुलीच्या हाती धंद्याच्या किल्ल्या देण्यास एक बाप तयार झाला, एवढे त्यातून आमच्या पालकांनी घ्यावयास हरकत नाही. सरकारनेही २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक स्त्री असावी असे बंधन घातले. कायद्याने ‘एक’ म्हटले म्हणजे पुष्कळ ठिकाणी एकावरच भागते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

मग ही गळती होते कोठे? परीक्षेत होत नाही. शालान्त परीक्षेत मुली दरवर्षी मुलांच्या पुढे असतात. नोकरीच्या दारातही फारशी होत नाही. ती होते अठ्ठाविसाव्या वर्षापासून पस्तिसाव्या वर्षापर्यंतच्या काळात. संगणक कंपनीत पहिली चार-पाच वर्षे सांगितलेले काम करण्यात जातात. नंतर पाच-सात जणांच्या चमूचे नेतृत्व, मग एका संपूर्ण प्रकल्पाची जबाबदारी, मग गिऱ्हाइकांशी बोलणे, परदेशी काही महिने राहून तेथील काम पाहणे, अशा पायऱ्या लागतात. अमेरिकेतील गिऱ्हाइकाची सकाळ म्हणजे आपली रात्र. सबब महत्त्वाची बोलणी रात्री नऊनंतर होतात. नेमक्या ह्याच वर्षांत मुलीचे लग्न होते, मूल होते, सासूबाईंचे गुडघे दुखू लागतात. ती एकदा परदेशी जाण्यास नकार देते. दुसऱ्यांदा रात्रीच्या बैठकीतून सुटका मागते. तिसऱ्यांदा वरिष्ठ तिला विचारीतच नाहीत. तिचा कोणी अपमान करीत नाही, तिच्या कामास कोणी नावे ठेवीत नाही; फक्त यादी तयार होते त्या वेळी तिचे नाव त्या यादीत नसते. आणि तिच्याबरोबर लागलेला, गुणांनी तिच्याहून उणा असा एखादा मुलगा दहा वर्षांनी तिचा साहेब होतो. त्यालाही मूल झालेले असते, त्याच्याही आईचे गुडघे दुखतच असतात.

सायंकाळी ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीतील महिलांच्या डब्याचे एक दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणी मेथी निवडीत असते, कोणी मटार सोलीत असते, कोणी गवारीच्या शेंगा मोडीत असते. बाहेरगावचे पाहुणे ह्याचे मोठे कौतुक करतात. वृत्तपत्रांतून त्याची छायाचित्रे येतात. ‘मुंबईची कर्तबगार स्त्री’ अशी त्याखाली ओळ असते. आम्हांस ह्या कौतुकाचा अलीकडे कंटाळा आला आहे. शेजारच्या पुरुषांच्या डब्यात भजन चालते, पत्ते चालतात, निदान डोळा तरी लागतो. तेथे मेथीची जुडी कोणी काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली लोकांचा दिवस कसा खर्च होतो ह्याची पाहणी केली. तीत असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसास सरासरी २८९ मिनिटे जातात, आणि घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटे. म्हणजे दररोज तीन तास एकवीस मिनिटांचा फरक. शिवाय जे पुरुष घरकामात भागच घेत नाहीत, ते ह्या ८८ मिनिटांच्या हिशेबात धरलेले नाहीत! गणिताच्या विद्यार्थ्यांनी हा फरक वर्षाच्या दिवसांनी गुणून पाहावा. बाराशे तासांच्या वर उत्तर येईल. एवढ्या तासांत मनुष्य नवी विद्या शिकतो, वाचन करतो, चार माणसांच्या ओळखी ठेवतो, किंवा नुसता विसावा घेऊन दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने कामावर जातो. पद ह्या तासांतून घडते. पुरुषास ते तास घरातून मिळतात आणि त्याची पावती कोठे फाडली जात नाही.

येथे एक प्रसिद्ध उदाहरण सांगणे अवश्य आहे. १९७४ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी ह्या विद्यार्थिनीने टेल्को कंपनीची एक जाहिरात पाहिली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे तीत नमूद केले होते. तिने थेट जे. आर. डी. टाटा ह्यांना एक पत्र टाकून ह्या अन्यायाचा जाब विचारला, मुलाखतीस तिला पुण्यास बोलावणे आले, आणि त्या कारखान्यातील ती पहिली स्त्री अभियंता झाली. पोस्टकार्डाची ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकी झाली आहे. परंतु तिचाही उत्तरार्ध आहे. हीच मुलगी पुढे सुधा मूर्ती झाली. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस निघाली, तेव्हा तिच्याच शिलकीतील दहा हजार रुपये भांडवल म्हणून कामी आले. कंपनीत मात्र दोघांपैकी एकानेच राहावे, असे पतीने ठरविले, आणि बाजूला कोण झाले हे सांगावयास नको. पत्नीस कंपनीत घेऊ नये ही आपली समजूत चुकीची होती, असे नारायण मूर्ती ह्यांनी २०२४ साली एका मुलाखतीत मोकळेपणाने मान्य केले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदरच वाटतो. पण मध्ये चार दशके निघून गेली होती. सुधाताईंनी पुढे इन्फोसिस प्रतिष्ठानाचे काम फार मोठे केले, लेखन केले, राज्यसभेवर गेल्या. तरी टेल्कोच्या दारावर थाप मारणारी ती अभियंता त्या कंपनीच्या धुरीणांत असती तर कंपनी कशी झाली असती, हे आता कोणासच कळणार नाही. बाहेरचे दार पोस्टकार्डाने उघडले. घरातल्या दारास पोस्टकार्ड कोण लिहिणार?

कोणी म्हणतील की, पदाचा एवढा सोस कशासाठी? ख्रिस्ती शाळेच्या अंकात तर हा प्रश्न अधिकच योग्य आहे. आमच्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. उच्चासनाच्या हव्यासाचा त्याने निषेध केला. आम्हीही मुलींच्या मनात खुर्चीची हाव उत्पन्न करू इच्छीत नाही, आणि प्रत्येक मुलीने साहेबीण झालेच पाहिजे, असेही आमचे म्हणणे नाही. ज्यास उत्तम काम करून सहा वाजता घरी येणे आवडते, त्याने खुशाल तसे करावे. स्त्री असो वा पुरुष. परंतु पद म्हणजे निवळ मान नव्हे. कामाच्या वेळा काय असाव्यात, कोणास कोठे पाठवावे, पाळणाघर असावे की नसावे, रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलीस घरापर्यंत गाडी द्यावी की नाही, हे सर्व पदावरील मनुष्य ठरवितो. त्या जागी ज्यास ह्या अडचणी कधी सोसाव्या लागल्या नाहीत असाच मनुष्य नेहमी बसला, तर व्यवस्था त्याच्या सोयीची होते. त्यात त्याचा दुष्टपणा असावा लागत नाही.

इंग्लंडातील स्टेफनी शर्ली ह्या बाईंचे चरित्र ह्या बाबतीत मनन करण्याजोगे आहे. हिटलरच्या छळातून वाचविण्यासाठी १९३९ साली ज्या यहुदी मुलांना गाडीत बसवून इंग्लंडास पाठविण्यात आले, त्यांतील ही एक पाच वर्षांची पोर. मोठेपणी ती संगणकाच्या कामात पडली व स्त्री म्हणून बढती मिळत नाही असे पाहून १९६२ साली तिने अवघ्या सहा पौंडांवर स्वतःची कंपनी काढली. लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर ज्यांना नोकरी सोडावी लागली होती, अशा शिकलेल्या बायकांना तिने घरबसल्या काम दिले. पहिल्या तीनशे माणसांत पुरुष फक्त तीन होते. व्यापारी पत्रांना उत्तरे येत नाहीत असे पाहून ती ‘स्टीव्ह’ अशी पुरुषी सही करू लागली, तेव्हा उत्तरे येऊ लागली! फोनवर मुलांचा गलका ऐकू जाऊ नये म्हणून टंकलेखनयंत्राच्या खडखडाटाची ध्वनिफीत मागे लावून ठेवीत असे. ह्याच बायकांनी आपापल्या घरी बसून कॉन्कॉर्ड विमानाच्या उड्डाण-नोंद यंत्राचे प्रोग्राम लिहिले. अलीकडील साथीच्या काळात, २०२० साली, ‘घरून काम’ ही जणू काही नवीन शोधून काढलेली युक्ती आहे, अशी साऱ्या जगाची समजूत झाली. एका आईच्या हाती अधिकार आल्याबरोबर तिने ती साठ वर्षांपूर्वीच अमलात आणली होती.

आणि इतके दूर तरी कशास जावे? आनंदीबाईंच्या पदवीदान-समारंभास इंग्लंडहून मुद्दाम गेलेल्या पंडिता रमाबाई ह्या आपल्याच. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, व पुढे केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभारले. तेथे शेती, गोठा, तेलाचा घाणा, विणकाम अशी नाना खाती होती, आणि ती चालविणाऱ्या बहुतेक बायका म्हणजे समाजाने टाकून दिलेल्या विधवा व दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या. त्यांतच एक छापखाना होता. छापखाना म्हणजे त्या काळचे अत्यंत पुढारलेले यंत्रशास्त्र. खिळे जुळविणे, पाने लावणे, यंत्र चालविणे ही कामे ह्या मुली शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर ह्याच छापखान्यात छापले गेले. मुलींना यंत्रापाशी उभे करावे की नाही, ह्याची चर्चा केडगावास झाली नाही, कारण ठरविणारी व्यक्ती स्वतः स्त्री होती. आमच्या ख्रिस्ती मंडळींत रमाबाईंचे नाव भक्तीने घेतले जाते. त्या उत्तम व्यवस्थापक होत्या, हे मात्र आपण सांगत नाही. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात वर्णिलेली सद्गुणी स्त्री शेत पाहून ते विकत घेते, माल तयार करून व्यापाऱ्यास देते. विवाहप्रसंगी तो अध्याय आपण वाचतो, आणि वधूकडून अपेक्षा मात्र फक्त स्वयंपाकाची ठेवतो, ही गंमत आहे.

आता पालकांच्या भीतीविषयी. ती सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रात्री साडेअकराला ऐरोलीहून निघून ठाण्यास गाडी बदलून डोंबिवलीस उतरणे, व तेथून रिक्षा शोधणे, हे सुखाचे नाही. आईचा जीव टांगणीस लागतो तो उगाच नाही. ही काळजी कंपनीने व सरकारने दूर केली पाहिजे, व त्यासाठी पालकांनी मुलीस घरी न बसविता कंपनीस जाब विचारला पाहिजे. दुसरी भीती लग्नाची. मुलगी फार वर चढली तर तिला स्थळ मिळणार नाही; मुलाचा पगार तिच्याहून अधिक हवा, हुद्दा वरचा हवा. ही भीती मात्र आपणच निर्माण केलेली आहे, कारण उद्या आपल्या मुलासाठी मुलगी पाहताना आपणच हा हिशेब मांडतो. विवाहविषयक जाहिरातींत ‘नोकरी करणारी व घर सांभाळणारी’ असे शब्द आढळतात. वराच्या जाहिरातीत ‘घर सांभाळणारा’ हे शब्द कोणी वाचले आहेत काय?

तिसरे म्हणणे सर्वांत सौम्य, आणि म्हणून सर्वांत घातक. “नोकरी करतेय ना, पुष्कळ झाले. मोठ्या हुद्द्याचा ताप कशाला? मधल्या जागी सुरक्षित राहील.” असे म्हणणाऱ्या पालकांचे प्रेम खोटे नाही. परंतु मधली जागा सुरक्षित आहे, हे कोणी सांगितले? २०२५ च्या जुलै महिन्यात टाटा कन्सल्टन्सीने सुमारे बारा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. तीत मुख्यतः मधल्या व वरच्या फळीतील माणसे होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे सांगितलेले काम बिनचूक उरकण्यात दिवसेंदिवस तरबेज होत आहेत. काय करावे, कशासाठी करावे व चुकल्यास जबाबदार कोण, हे ठरविण्यास माणूसच लागतो. दहा वर्षे एकाच पायरीवर बसविलेल्या मुलीची पायरीच उद्या काढून घेतली गेली, तर तिने कोठे जावे? धन्याने दिलेली रक्कम सुरक्षित राहावी म्हणून जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत आमच्या मुलांना ठाऊक आहे. त्या दासाने चोरी केली नव्हती, उधळपट्टी केली नव्हती. तो फक्त भ्याला होता.

कायद्याने काही सोयी केल्या आहेत. २०१७ सालच्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे झाली व पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पाळणाघर असावे, असे ठरले. ही मोठीच सुधारणा होय. मात्र खाजगी कंपनीतील पित्यास अशी रजा देण्याचे कायद्यात नाही. म्हणजे मूल हे आईचेच खाते, हे कायद्यानेही गृहीत धरले. रजेवरून परतलेल्या बाईस तिचे पूर्वीचे काम पुन्हा मिळते की तिला एखाद्या कोपऱ्यातील बिनमहत्त्वाच्या प्रकल्पावर बसविले जाते, हे कायदा पाहू शकत नाही. ते तिने स्वतः पाहावे लागते, आणि पाहण्याचे बळ घरातून मिळावे लागते. सहा महिन्यांच्या मुलास आजोबांनी खिमट भरविले तर बिघडत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त आजोबा कल्याणात हे काम इतके नामी करतात की, नातवास आता आईच्या हातचे आवडत नाही.

मुलींनो, तुमच्यासाठीही दोन शब्द आहेत, आणि ते गोड नाहीत. अधिकार मागण्यापूर्वी विषयाच्या मुळाशी जावे लागते. पुण्यात वाढलेल्या व तेथील पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीत शिकलेल्या नेहा नारखेडे ह्यांचे उदाहरण पाहा. पुढील शिक्षणासाठी त्या अमेरिकेत जॉर्जिया टेक येथे गेल्या व नंतर लिंक्डइन ह्या कंपनीत लागल्या. तेथे कोट्यवधी लोकांच्या हालचालींच्या नोंदी एकाच वेळी येत व त्या अनेक ठिकाणी पोहोचवाव्या लागत. कल्याण जंक्शनात पुण्याकडून व नाशिकाकडून येणाऱ्या गाड्या एकमेकींवर न आदळता पुढे काढाव्या लागतात, तशातलाच हा प्रकार. नेहाताई व त्यांचे दोन सहकारी ह्यांनी ‘काफ्का’ नावाची योजना रचली: आलेली प्रत्येक नोंद क्रमाने एका अखंड खातेवहीत उतरवीत जावयाची, आणि ज्यास ती हवी त्याने आपल्या सवडीने वाचावयाची. कल्पना वहीइतकी साधी. पण ती जगभरच्या बँका व दुकानदार वापरू लागले. त्या पायावर ह्या तिघांनी २०१४ साली कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली, व २०२१ साली तिचे समभाग अमेरिकेच्या बाजारात आले. नेहाताईंनी त्यानंतर आर्थिक व्यवहारांतील फसवणूक ओळखणारी दुसरी कंपनी काढली. त्यांना नेतृत्व कोणी दान केले नाही. यंत्राच्या पोटात काय चालते, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांच्यावाचून चालेना.

यंत्राच्या पोटात शिरण्याचा प्रश्न निघाला म्हणून कल्याणचीच आणखी एक गोष्ट सांगतो. साताऱ्याच्या एका शेतकरी कुटुंबातील सुरेखा यादव ह्यांनी कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विजेच्या अभियांत्रिकीची पदविका घेतली, रेल्वेच्या जाहिरातीस अर्ज केला, कल्याणच्या प्रशिक्षणशाळेत इंजिन चालविण्याचे शिक्षण घेतले आणि १९८९ साली त्या सहायक चालक झाल्या. आशिया खंडातील पहिली स्त्री रेल्वेचालक म्हणून त्यांचे नाव झाले. मालगाड्या, लोकल, घाटातील गाड्या असे करीत ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन मुंबईस आणली, १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून वंदे भारत आणली, आणि सप्टेंबर २०२५ अखेर त्या निवृत्त झाल्या. ह्या सर्वांहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्यांची कमी गाजलेली कामगिरी: ज्या कल्याणात त्या शिकल्या, तेथेच पुढे त्या चालकांच्या शिक्षिका झाल्या. कल्याणात इंजिन चालविण्यास शिकलेल्या कित्येक पुरुषांनी आपली विद्या एका बाईकडून घेतली आहे, आणि गाड्या रुळावरच आहेत.

हे सर्व लिहिताना आमच्या स्वतःच्या शाळेची संगणकाची खोली डोळ्यांपुढे येते. चार मुलांचा गट करून एखादा प्रकल्प दिला म्हणजे कळफलकापाशी मुलगा बसतो. मुलगी वही धरते, मथळ्याचे अक्षर सुंदर काढते, चिकटवहीस झालर लावते, आणि बक्षीस घेण्याच्या वेळी मागच्या रांगेत उभी राहते. तिला कोणी तसे सांगितलेले नसते. शिक्षकांचे त्याकडे लक्ष जात नाही, कारण प्रकल्प वेळेवर पूर्ण होतो व वहीही नीटनेटकी असते. येत्या वर्षापासून आठवी व नववीच्या वर्गांत प्रत्येक गटाची प्रमुख आळीपाळीने मुलगी असावी, आणि प्रमुखानेच प्रोग्राम लिहून त्यातील चुका परीक्षकांपुढे समजावून सांगाव्यात, अशी सूचना आम्ही शिक्षकसभेपुढे मांडणार आहोत. झालर मुलांनी लावावी. त्यांनाही ती चांगली जमेल.

पैशाच्या सबबीविषयीही पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षापासून अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेने दाखल होणाऱ्या मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणे माफ केले आहे. ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग ह्यांतील मुलींना ह्याचा लाभ मिळतो. पूर्वी ही सवलत निम्मी होती. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढणारी व मुलीस ‘बी.कॉम. कर, बारावीनंतर बघू’ म्हणणारी घरे आपल्या आजूबाजूस आहेत. निदान त्यांना आता खर्चाकडे बोट दाखविता येणार नाही. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो. मे-जूनमध्ये तेथे फार गर्दी होते, तेव्हा दहावी-बारावीच्या मुलींच्या वडिलांनी एप्रिलातच एक दिवस रजा काढून तो आणावा.